जुन्या छत्रीचा सिग्नल सुधारणे : दारव्हा तालुक्यातल्या एका कामाच्या नोंदी

टीव्हीची छत्री (डिश अँटेना) ६० सेंटिमीटरची, लोखंडी पत्र्याची, ऑफसेट, म्हणजे एलएनबी (सिग्नल पकडणारं यंत्र) बरोबर मध्यासमोर नसून खालच्या बाजूच्या दांड्यावर असलेली. खाली फ्री डिशचा (दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा) साधा बॉक्स. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागचा टिनाचा. तक्रार नेहमीचीच : वारा सुटला की चित्राचे चौकोन होतात, आभाळ भरून आलं की निम्मे चॅनल जातात, आणि काही चॅनल तर कोरड्या दिवसातही येत नाहीत. नवीन छत्री घ्यायची नाही, आहे तीच सुधारायची, असं ठरवून काम धरलं.

१७ मे : आधीचे आकडे

काहीही उघडण्याआधी बॉक्सच्या मेनूतून दोन फ्रीक्वेन्सीवरचे आकडे लिहून घेतले.

११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल (उभ्या लहरींचा सिग्नल; आडव्यांचा तो हॉरिझॉन्टल), सिंबॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५०० : स्ट्रेंग्थ ८२, क्वालिटी ३८.
११५७०, व्हर्टिकल, २९५०० : स्ट्रेंग्थ ५८, क्वालिटी १९ ते २४, सतत हलणारी.

हे टक्के त्या बॉक्सपुरतेच खरे. दुसऱ्या कंपनीचा बॉक्स लावला तर हीच छत्री ५५ दाखवेल. म्हणून शेवटपर्यंत बॉक्स तोच ठेवायचा.

स्ट्रेंग्थ म्हणजे वायरमधून किती जोर येतोय ते. त्यात गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटातून कामाचं किती वाचता येतंय ते. चॅनल चालतो क्वालिटीवर. गावात जो तो स्ट्रेंग्थची पट्टी पाहून 'सिग्नल तर फुल आहे' म्हणतो आणि बॉक्सला दोष देतो.

दुसरी गोष्ट, वरच्या फ्रीक्वेन्सीवर स्ट्रेंग्थसुद्धा पडलेली आहे. एलएनबी येणाऱ्या फ्रीक्वेन्सीतून ९७५० वजा करून उरलेली वायरमध्ये सोडते. म्हणजे ११०९० चे १३४० मेगाहर्ट्झ होतात आणि ११५७० चे १८२०. खराब वायर वरचीच आधी खाते. तेव्हा वायरवर संशय पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवला.

जुनी दिशा पुसली जाऊ नये म्हणून पाइप आणि क्लॅम्प यांच्यावरून आरपार एक रेघ खिळ्याने ओरखडून घेतली. मार्करची रेघ उन्हात आणि हाताच्या घामात टिकत नाही.

१८ मे : अॅम्प्लिफायर

तालुक्याच्या दुकानात पहिला सल्ला मिळाला तो 'मध्ये बूस्टर टाका' असा. १८० रुपयांचा इनलाइन अॅम्प्लिफायर बॉक्सच्या मागे जोडून पाहिला. ११०९० वर स्ट्रेंग्थ ८२ वरून ९६ झाली, क्वालिटी ३८ ची ३७. ११५७० वर स्ट्रेंग्थ ५८ वरून ८१, क्वालिटी तिथेच घुटमळत राहिली.

कारण साधं आहे. एलएनबी स्वतःच ५० ते ६० डेसिबल (सिग्नलचा चढउतार मोजायचं माप) वाढवून सिग्नल खाली सोडते. बॉक्सपाशी पोचेपर्यंत गोंगाट मिसळून झालेला असतो. तिथे वाढवलं तर दोन्ही सारखेच वाढतात. चांगली वायर ५०-६० मीटरपेक्षा लांब गेली असेल तर हा डबा छत्रीच्या बाजूला लावून उपयोग होतो, घरगुती अंतराला नाही. काढून ठेवला. दुकानदाराने परत घेतला नाही.

१९ मे : दिशा आणि निंब

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला. दारव्ह्यावरून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १४१ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित दक्षिणेला, आणि क्षितिजापासून ६० अंश वर येतो. विदर्भात इतरांनी आपापला आकडा असा धरावा :

बुलढाणा : दिशा १३८, उंची ५९.
अकोला : दिशा १४०, उंची ५९.
यवतमाळ : दिशा १४२, उंची ६०.
नागपूर : दिशा १४४ ते १४५, उंची ६०.
गडचिरोली : दिशा १४५, उंची ६२.

होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे फरक जवळजवळ नाही, त्यामुळे मोबाइलचं होकायंत्र चालतं. पण टिनावर उभं राहून नाही. टिनाजवळ तेच होकायंत्र २० अंश चुकत होतं. अंगणात मोकळ्या जागी उभं राहून दूरचा एखादा खांब किंवा झाड १४१ वर धरायचं आणि वर चढल्यावर त्याच्याकडे पाहून छत्री लावायची.

शेजारच्या छत्रीकडे पाहून दिशा धरू नये. सशुल्क डीटीएचचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत : ८३ अंशावरच्याची छत्री इथून १६५ कडे, जवळपास दक्षिणेला पाहते, तर १०८.२ अंशावरच्याची १२१ कडे. फार जुनी बसवलेली छत्री असेल तर तिच्यावरच्या खुणांवरही विसंबू नये. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस (फ्री डिशचं जुनं नाव) सुरू झालं तेव्हा ते ९५ अंशावरच्या उपग्रहावर होतं.

अडथळ्याचा हिशेब : उंची ६० अंश असेल तर छत्रीपासून झाडाचं आडवं अंतर गुणिले १.७३ इतक्या उंचीपर्यंत झाड चालतं. झाडाची उंची छत्रीपासून मोजायची, जमिनीपासून नाही. इथे निंबाचं खोड ५ मीटरवर आणि शेंडा छत्रीच्या ७ मीटर वर. ५ × १.७३ म्हणजे साडेआठ, तो सुटतो. पण एक फांदी ३ मीटरपर्यंत पुढे आली आहे आणि ६ मीटर वर आहे. ३ × १.७३ म्हणजे ५.२. ती आड येते. पानगळीत पानं विरळ असताना चालून जातं. पावसाळ्यात ओली पालवी म्हणजे पाण्याचा पडदाच. घरधनी फांदी तोडायला तयार नाहीत, आणि बरोबरच आहे, मे महिन्यात सगळं घर तिच्या सावलीत बसतं. छत्रीच दोन मीटर मागे वायव्येला न्यायची ठरली. तिथे ५ × १.७३ लागू होतं, फांदी सुटते.

२० मे : खांब, पहिला प्रयत्न

जुना पाइप टिनाच्या पाळीला पट्टीने आवळलेला होता. छत्रीची कड हाताने हलवली तर ६ मिलिमीटर खेळ. केंद्रापासून कड ३० सेंटिमीटरवर, म्हणजे हा खेळ एका अंशाहून थोडा जास्त. ६० सेंटिमीटर छत्रीचा किरण (आकाशाच्या जेवढ्या पट्ट्यातून ती सिग्नल घेते तो) साधारण ३ अंश रुंद असतो. एक अंश हलल्याने दीड डेसिबलच्या आसपास जातं. ज्या छत्रीकडे आधीच शिल्लक नाही तिचा चॅनल वाऱ्याच्या एका झुळकेत जायला एवढं पुरतं. वर टिन दुपारी तापून पसरतं आणि पहाटे आकसतं, त्यामुळे सकाळी जुळवलेली दिशा दुपारी राहत नाही. टिनावर छत्री बसवूच नये.

स्लॅबला भोकं पाडायला घरच्यांचा नकार, कारण पावसात तिथूनच गळती सुरू होते. म्हणून गावाकडचा रूढ उपाय केला : १५ किलो तेलाच्या रिकाम्या डब्यात दीड इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप ओळंब्यात उभा धरून काँक्रीट भरलं. ओळंबा दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात लावून पाहायचा. एकाच बाजूने पाहिला तर पाइप दुसरीकडे कलतो, आणि मग छत्री डावी-उजवी फिरवली की उंचीही आपोआप बदलत जाते. जुळवणी कधीच हाती लागत नाही.

२४ मे : डबा कलंडला

काल छत्री चढवली, आज संध्याकाळच्या वादळाने डब्यासकट आडवी. काँक्रीट पुरतं कडकही झालं नव्हतं, पण कारण ते नाही. हिशेब असा : ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात या आकाराच्या छत्रीवर साधारण १४ किलोचा जोर येतो, तोही ७० सेंटिमीटर उंचीवर. डब्याचं वजन सुमारे ४० किलो आणि तळाची निम्मी रुंदी पावणेबारा सेंटिमीटर. धरून ठेवायला जेवढा जोर हवा त्याच्या निम्माच मिळतो. डबाच वापरायचा तर खाली आडव्या दोन-दोन फुटांच्या अँगलची फुली वेल्ड करून तिच्यावर विटा रचाव्या लागतील. नुसता डबा आपल्याकडच्या मे-जूनच्या वादळात टिकत नाही. सिमेंट-गिट्टीचे १५० रुपये गेले.

पडताना छत्रीची खालची कड आणखी दबली. एलएनबीचा दांडा मात्र वाचला.

२६ मे : खांब, दुसरा प्रयत्न

गच्चीच्या कठड्याची भिंत नऊ इंची, विटांची, आतून-बाहेरून प्लास्टर. वेल्डरकडून पाइपाच्या मापाचे दोन क्लॅम्प करून घेतले आणि एकाखाली एक ४० सेंटिमीटर अंतराने लावले. भिंतीत प्लास्टिकचे गट्टे ठोकून स्क्रू पिळले तर विटांचा भुगा होऊन महिनाभरात सैल पडतात; म्हणून १२ मिलिमीटरचे बोल्ट भिंतीच्या आरपार, मागे चार इंची लोखंडी चकती. दोन क्लॅम्पमधलं अंतर जितकं जास्त तितका पाइप घट्ट. पाइप कठड्याच्या वर दीड फुटापेक्षा जास्त काढलेला नाही. उंच खांबाने सिग्नल वाढत नाही, हलतो फक्त.

पाइपाचं वरचं तोंड प्लास्टिकच्या टोपीने बंद केलं. उघडं ठेवलं तर पाणी आत साचून आतून गंजतं आणि गांधीलमाश्या घर करतात.

ढोबळ दिशा लावून आकडे : ११०९० वर क्वालिटी ५१, ११५७० वर २९. अजून छत्री वाकडीच आहे, एलएनबी आणि वायर जुनीच. नुसत्या घट्ट खांबाने आणि निंब चुकवल्याने एवढं आलं.

२८ मे : पत्रा

छत्री उतरवून दोरे ताणून पाहिली. कडेच्या समोरासमोरच्या बिंदूंना एक दोरा, त्याला काटकोनात दुसरा. कड सपाट असेल तर दोन्ही दोरे मध्ये एकमेकांना टेकतात. इथे ९ मिलिमीटरची फट. वरच्या डाव्या बाजूला वानरांनी बसून बसून पाडलेला खोलगट खड्डा वेगळा.

किती चालतं? ११ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे २७ मिलिमीटर. पृष्ठभागात दीड-दोन मिलिमीटरचा चढउतार चालून जातो. तीनच्या पुढे नुकसान लागतं.

लाकडी हातोड्याने खड्डा ठोकून काढायचा प्रयत्न फसला. पत्रा ताणला जातो आणि डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होऊ लागतो. जमलं ते असं : रेतीने अर्धवट भरलेलं पोतं जमिनीवर ठेवायचं, छत्री त्यावर पालथी घालायची आणि मागून दोन्ही तळव्यांनी, गुडघ्याचा थोडा भार देत, हळूहळू दाबत जायचं. दर दाबानंतर दोरा लावून पाहायचा. कडेची दुमड पान्याच्या तोंडात धरून थोडी थोडी वाकवली. फट ९ वरून २ वर आली. त्याच्या पुढे हाव करू नये. फट १२ मिलिमीटरच्या वर असेल, किंवा छत्री मध्यावर मुडपली असेल, तर सरळ भंगारात द्यावी. ६०-७० रुपये तरी येतील.

गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढला. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतची गंजाची भोकं सिग्नलला दिसत नाहीत, ती बुजवायच्या मागे लागू नये. अंगठ्याएवढं एक भोक मात्र होतं. आधी त्यावर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. दुपारच्या उन्हात गोंद पातळ होऊन ती सुटली. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागून एम-सीलने चिकटवला. तो पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ, त्यामुळे समोरून पायरी पडत नाही.

रंग : आधी रेड ऑक्साइड, मग राखाडी मॅट, दोन्हीचा एक-एक पातळ हात. चकचकीत ऑइल पेंट समोरच्या बाजूला देऊ नये. ज्या दिवसांत सूर्य उपग्रहाच्या रेषेत येतो त्या दिवसांत चकाकी ऊन गोळा करून एलएनबीच्या तोंडावर टाकते आणि टोपी वितळते.

परत चढवून आकडे : ६० आणि ३५.

२९ मे : एलएनबी

काढून पाहिली तर तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकलेली, आणि आत कुंभारमाशीचं मातीचं घर. ओल्या दिवसात ती माती पाणी धरते. साफ करून टोपीवर पारदर्शक पिशवी ताणून बांधली तर क्वालिटी चार-पाचने वाढली, पण दुपारी दोन वाजता पुन्हा खाली. त्या वेळी मेनूत ११०९० ऐवजी ११०९३ टाकलं तर आकडा जास्त येत होता. म्हणजे उन्हात एलएनबीच्या आतली ९७५० ची फ्रीक्वेन्सीच सरकत होती. जुनी झाल्याची ही पक्की खूण. नवीन घेतली, २२० रुपये.

घेताना दोनच गोष्टी पाहाव्यात : ९७५०/१०६०० लिहिलेली युनिव्हर्सल आहे ना, आणि तोंडावरची टोपी घट्ट बसलेली आहे ना. लेबलवरच्या '०.१ डेसिबल' या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. दीडशेच्याही आणि सहाशेच्याही एलएनबीवर तोच छापलेला असतो.

बसवताना ती क्लॅम्पमध्ये पुढे-मागे आणि स्वतःभोवती, दोन्हीकडे फिरते. स्वतःभोवतीचा पीळ इथे ३६ अंश लागतो (नागपूर-गडचिरोलीकडे ३२-३३, बुलढाण्याला ३८). छत्रीच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभं राहावं. वायरचं टोक सरळ खाली म्हणजे घड्याळातले सहा. तिथून पाचच्या जरा पुढे, चारच्या बाजूला न्यायचं. समोरून पाहणाऱ्याला हेच उलटं, सातच्या पुढे दिसतं. इथेच बहुतेक जण गफलत करतात आणि पीळ उलट्या बाजूला देतात. उलटा दिला तर फरक ७२ अंशांचा होतो आणि व्हर्टिकल जवळपास पूर्ण मरतो.

पुढे-मागे : पाच-पाच मिलिमीटरने सरकवून पाहिलं. कंपनीच्या खाचेपासून एक पायरी छत्रीच्या दिशेने गेल्यावर दोनचा फायदा झाला. आकडे : ६७ आणि ४४.

१ जून : वायर

वरच्या फ्रीक्वेन्सीचं दुखणं वायरचंच निघालं. जुनी वायर ३४ मीटर, मध्ये तीन जोड. जोड म्हणजे गाभा पिळून वर काळी टेप. टेपचा गोंद उन्हाळ्यात वाहून जातो, पावसाळ्यात पाणी शिरतं आणि जाळीतून कितीतरी मीटर पुढे सरकतं. बाहेरून धड दिसणारी वायर सोलली तर आतली जाळी काळी ठिक्कर.

मल्टिमीटरने व्होल्टेज पाहिलं. एलएनबी जोडलेली असतानाच मोजायचं, मोकळ्या टोकाला मोजून काही कळत नाही. बॉक्सपाशी १३.१, छत्रीपाशी ११.२. व्हर्टिकलला १३ आणि हॉरिझॉन्टलला १८ व्होल्ट द्यायची पद्धत आहे. ११ च्या आसपास काही एलएनबी बंदच पडतात. संध्याकाळी गावचं व्होल्टेज उतरल्यावर चॅनल जात होते ते याच जोडांमुळे असावेत, कारण जोड काढल्यावर ती तक्रार थांबली.

नवीन आरजी-६ (छत्रीची नेहमीची जाळीवाली) वायर सरळ मार्गाने २६ मीटर, मध्ये एकही जोड नाही. १८ रुपये मीटरची घेतली. लोहचुंबक लावून पाहिलं : गाभा चिकटतो, म्हणजे लोखंडावर तांब्याचा मुलामा. एवढ्या अंतराला चालतो. ४०-५० मीटरच्या पुढे जायचं असेल तर पूर्ण तांब्याचा गाभा घ्यावा. चांगल्या आरजी-६ मध्येसुद्धा १००० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे २० डेसिबल जातात आणि १८२० ला त्याहून बरेच जास्त, म्हणून वायरचं भेंडोळं करून कोपऱ्यात टांगू नये. जास्तीची कापून टाकावी.

एफ कनेक्टर (वायरच्या टोकाचा पेचाचा जोड) बसवताना : बाहेरचं आवरण दीड सेंटिमीटर काढायचं, जाळी मागे उलटवायची, पांढरा फोम सोलून गाभा मोकळा करायचा. कनेक्टर दाबून बसवल्यावर गाभा कड्याच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसला पाहिजे. जाळीचा एक केस जरी गाभ्याला टेकला तरी शॉर्ट. बॉक्स बंद करून, प्लग काढूनच जोडायचं. चालू बॉक्सवर शॉर्ट झालं तर एलएनबीला वीज देणारा भाग जळतो आणि बॉक्स 'नो सिग्नल' दाखवत बसतो.

छत्रीकडच्या जोडावर टेपऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, खालून वर, म्हणजे पाणी निथळताना थरांत शिरत नाही. त्यावर टेप, ट्यूबला ऊन लागू नये एवढ्यापुरती. घरात शिरण्याआधी वायरला खाली झोल दिला, थेंब तिथूनच गळतो.

आकडे : ७१ आणि ६८. दोन्ही फ्रीक्वेन्सी पहिल्यांदाच जवळ आल्या.

२ जून : बारीक जुळवणी

सकाळी सहा ते नऊ. त्यानंतर गच्चीवर हात ठेवता येत नाही.

खालून कुणी 'आला... गेला... आला ना!' ओरडणं ही जुळवणी नव्हे. टीव्हीसमोरच्याने मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून क्वालिटीची पट्टीच दाखवत राहावी. बॉक्स आकडा एक-दोन सेकंद उशिरा दाखवतो. म्हणून छत्री हलवायची, तीन मोजायचे, मग पाहायचं.

सगळ्यात जास्त आकडा शोधत बसू नये. शिखर सपाट असतं, दोन्हीकडे थोडं हलवलं तरी तोच आकडा दिसतो. त्याऐवजी छत्रीच्या मागच्या चौकटीला चार फुटी बांबू आडवा बांधला. त्याच्या टोकाला एक अंश म्हणजे २१ मिलिमीटर, डोळ्याला सहज दिसणारं. डावीकडे नेत नेत क्वालिटी ४० ला आली तिथे कठड्यावर खडूची खूण. उजवीकडे ४० ला आली तिथे दुसरी. दोन खुणांमध्ये ७४ मिलिमीटर. मधोमध, ३७ वर बांबू आणून ठेवला. हीच पद्धत उंचीसाठी.

उंचीचा सुरुवातीचा अंदाज : ऑफसेट छत्री आकाशाकडे जेवढी पाहते तेवढी कललेली दिसत नाही. तिचा मूळ कल २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून ६० साठी तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशच मागे झुकलेलं हवं. वरच्या-खालच्या कडेवर सरळ फळी धरून मोबाइलच्या लेव्हलने मोजलं.

नट आवळताना दिशा सरकते, हमखास. डावा-उजवा नट आळीपाळीने पाव-पाव फेरा. एकच नट पूर्ण आवळला तर दोनचा घाटा झाला, सैल करून पुन्हा केलं. स्प्रिंग वॉशर घालावेत.

आकडे : ७६ आणि ७३.

१२ जून : अर्थिंग, वानरं

पाइपाच्या बुडापासून आठ गेजची जीआय तार थेट खाली जमिनीतल्या अर्थ रॉडपर्यंत. यामुळे थेट वीज पडण्यापासून छत्री वाचत नाही. आसपास पडलेल्या विजेचा दाब बॉक्समधून जाण्याऐवजी जमिनीत जातो, एवढाच फायदा. कडाडायला लागलं की प्लग आणि छत्रीची वायर, दोन्ही बॉक्समधून काढणे हा खरा उपाय. नुसता प्लग काढून भागत नाही.

वानरांसाठी पाइपाला ग्रीस फासून पाहिलं. ती कठड्यावरून थेट छत्रीवर उडी घेतात, पाइपाशी त्यांना काम नाही. मग कठड्यावर छत्रीच्या दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्यांच्या फांद्या तारेने बांधल्या, छत्रीच्या तोंडापेक्षा खाली राहतील अशा. तेव्हापासून छत्रीवर कुणी बसलेलं दिसलं नाही. टिनावरचा धिंगाणा चालूच आहे.

७ जुलै : पावसातले आकडे

रिपरिप पावसात ७० च्या आसपास. दणकून आला तेव्हा ४४ पर्यंत उतरलं, चित्र टिकलं. ढग अगदी काळा होऊन कोसळला तेव्हा सहा-सात मिनिटं सगळं गेलं. ते जाणारच; या फ्रीक्वेन्सीला मुसळधार पाऊस आरपार जाऊ देत नाही. ९० सेंटिमीटरची छत्री घेतली तर साडेतीन डेसिबल जास्त मिळतात, म्हणजे ही मिनिटं कमी होतील, संपणार नाहीत.

पाऊस चालू असताना आकडा पडला म्हणून वर चढून छत्री फिरवायची नाही. त्या वेळी शोधलेली दिशा उघडीप झाल्यावर चुकीचीच निघते, शिवाय ओला कठडा.

२ ऑक्टोबर : सूर्याची तपासणी

वर्षातून दोनदा, मार्चच्या ११-१२ च्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य काही दिवस उपग्रहाच्या बरोबर मागून जातो. दारव्ह्याला ऑक्टोबरात ती वेळ अकराला पाच कमी, मार्चमध्ये सव्वा अकरा. तेवढी काही मिनिटं सूर्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. ही बिघाडाची वेळ समजून लोक छत्री हलवतात. खरं तर फुकट तपासणी आहे : त्या क्षणी छत्रीवर ज्याची सावली पडते ते सिग्नलच्या आड येतं, कागदावरचा कुठलाही हिशेब लागत नाही.

१०.५२ ला क्वालिटी ढासळायला लागली, ११ च्या आत पूर्ववत. सावली पाहिली तर छत्रीची खालची कड चार बोटं सावलीत. पावसाळ्यात निंबाला फुटलेली नवी फूट. मूळ फांदीला हात न लावता, विळा बांधलेल्या बांबूने तेवढे शेंडे छाटले. आकडे ७४ वरून ७६, आणि ११५७० वर ७३.

खर्च : एलएनबी २२०, वायर ४६८, चार कनेक्टर ६०, पाइप ५२०, क्लॅम्प ३००, बोल्ट-चकत्या ९०, रंग आणि एम-सील २१०. मिळून १८६८. अॅम्प्लिफायर आणि काँक्रीटचा डबा मिळून ३३० वाया. अर्थ रॉड आणि तार घरातलीच होती. नवीन छत्री घेतली असती तर पत्रा ठोकण्याचा आणि रंगाचा व्याप वाचला असता, बाकी खर्च हाच.

बाकी : मार्चमध्ये सव्वा अकराला पुन्हा सावली पाहायची, आणि ट्यूबची पट्टी उन्हाळ्याआधी बदलायची.